योगीराजचा हॉल

शालनबाई पहिल्यांदा माझ्या दारात आल्या त्या हातोडी मागायला. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने बारीक, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेली बाई. बोलल्या कन्नडमध्ये, पण ते आमच्या बेंगळूरचं कन्नड नव्हे. तिकडचं, चिकोडीकडचं, खणखणीत. मी आत वळून "अहो, हातोडी कुठे टाकलीत?" म्हणून यजमानांवर ओरडले, तशी त्यांनी विचारलं, "तुमी मराठी हाय व्हय?"

"इथं येऊन सात पिढ्या झाल्या, पण मराठीच," मी म्हणाले. "हातोडी कशाला पाहिजे?"

"बाल्कनीत दोरी बांधायचीय. धुणं वाळत घालाय."

हातोडी परत द्यायला आल्या तेव्हा मी त्यांना आत बसवलं. कॉफी होईपर्यंत त्यांनी आमचा हॉल निरखून पाहिला. सोफ्याची कड हाताने चाचपली, टीपॉय आणि सोफा यांच्यामधून माणूस जाईल का ते बघितलं, आणि विचारलं, "हितं किती जन बसत्यात?" असला प्रश्न मला कुणी कधी केला नव्हता. "आम्ही दोघंच की," मी म्हणाले, "आमची मुलगी तिकडे मेलबर्नला. बाकी कोण येतंय ह्या बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमधून!" कॉफी पिऊन कप स्वतः विसळून ठेवला आणि गेल्या.

समोरचा फ्लॅट त्यांच्या मुलाने घेतलेला, हे मला ठाऊक होतं. योगीराजला मी दोनतीनदा बघितलं होतं. बिल्डिंगचं काम चालू असल्यापासून तो दर रविवारी मारतहळ्ळीहून स्कूटरवर यायचा आणि सिमेंटच्या धुळीत उभा राहून फोनवर आईशी बोलायचा. आम्ही आधी राहायला आलो, त्याच्या बाजूचं काम मागे राहिलं होतं. किल्ली हातात यायला थोडे दिवस होते आणि चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. लग्नाचं वय झालेला, एकुलता एक मुलगा गेला. विम्यातून कर्ज फिटलं आणि घर आईबापांच्या नावावर झालं. शालनबाई आणि मल्लाप्पा असे घरमालक झाले. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

मल्लाप्पा हे सरकारी बसचे निवृत्त कंडक्टर. उंच, ताठ, आणि बोलणं अगदी मोजकं. त्यांच्या गाडीतून सख्खा भाऊसुद्धा तिकिटाशिवाय गेला नाही, असं शालनबाई मला एकदा म्हणाल्या. त्यात तक्रार होती की अभिमान, ते मला कळलं नाही. शालनबाई स्वतः अंगणवाडीत होत्या. सगळं आयुष्य दुसऱ्यांची पोरं रांगेत बसवण्यात, त्यांना भरवण्यात आणि त्यांची नाकं पुसण्यात गेलेलं. नातेवाइकांनी सांगितलं, फ्लॅट भाड्याने द्या, नाहीतर विकून टाका आणि गावी राहा. मल्लाप्पांनाही तेच बरं वाटत होतं. शालनबाईंनी एकच धरून ठेवलं, "आधी हॉल करनार. मग बगू."

हॉलच का, हे मी त्यांना एका दुपारी विचारलं. दोघी मेथी निवडत बसलो होतो. त्यांच्या गावच्या घरात म्हणे एकच खोली. स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच, योगीचा अभ्यासही तिथेच. पाहुणे आले की मुलाला उठवायचं आणि त्याच्या जागेवर त्यांना बसवायचं. तो मुकाट्याने पुस्तक घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीत जायचा आणि तिथल्या बाकड्यावर बसून वाचायचा. घरी आला की केसांवर, भुवयांवर, वहीवर पीठ.

"एकदा सुदीक कुरकुरला न्हाई बगा, अक्का," त्या म्हणाल्या. "नोकरी लागल्यावर मातर रविवारच्या फोनवर ह्योच विषय. आई, आपला हॉल असा करनार, कुनी बी आलं तरी कुनाला उठाय लागायचं न्हाई. हितं पीजीत बी एकाच्या खाटंवर दुसरा बसायचा. त्यानं समद्या दोस्तास्नी सांगून ठेवलंतं, हॉल झाला की जेवान माज्याकडं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"त्याचं बोलावनं जाऊन बसलंय, अक्का. मग घर तयार नको?"

मी तशी तोंडाने फटकळ आहे, यजमान मला त्यावरून रोज ऐकवतात, पण त्या दुपारी मी गप्प बसून मेथी निवडली.

अडचण होती ती मल्लाप्पांची. घरात माणूस गेलं की वर्षभर नवी वस्तू आणायची नाही, सणवार करायचा नाही, गोडधोड करायचं नाही. आमच्यातही हेच पाळतात. वर्षश्राद्ध झालं की मग काय ते करा. गावाहून त्यांच्या थोरल्या भावाचेही फोन यायचे, आणि फोनवर मल्लाप्पा फक्त "व्हय, व्हय" म्हणायचे. शालनबाईंनी तरी सुतार बोलावला. त्याला हिंदीशिवाय काही येत नव्हतं आणि यांना हिंदी येत नव्हती, म्हणून दुभाषी मी.

सुतार फूटपट्टी काढतोय तोच मल्लाप्पा आतून आले. "वरीस व्हायच्या आत ह्या घरात नवं लाकूड येनार न्हाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती.

"अवो, योगीच्या दोस्तांतला हर्ष जर्मनीला निघालाय," शालनबाई म्हणाल्या. "प्रियदर्शनीचं लगीन ठरलंय, ती हैद्राबादला जानार. दुसरी दोगं बी आज हितं, उद्या कुटं. वरीस सरल तवर कोन ऱ्हानार हाय? मग काय भिंतींस्नी बसवू?"

मल्लाप्पा खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर तळं, त्याच्यापलीकडे रिंग रोड, आणि त्यावर हलायचं नाव न घेणाऱ्या गाड्या.

"तुला काय करायचं त्ये कर," ते शेवटी म्हणाले. "मी त्यावर बसनार न्हाई."

मला त्यांचा राग आला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, मुलासाठी बापाने करण्यासारखं आता उरलंय काय? नियम पाळणं, एवढंच त्या माणसाच्या हातात होतं, आणि तेवढंही त्याच्याकडून काढून घेतलं तर तो करणार काय? बायकोला करण्यासारखं काहीतरी सापडलं होतं, त्यांना तेही सापडलं नव्हतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्यामुळे मला कुणाची बाजू घेऊन भांडता येईना, आणि भांडता आलं नाही की माझा जीव कासावीस होतो.

शालनबाईंनी हॉल कसा केला, ते सांगण्यासारखं आहे. बिल्डरच्या ओळखीचा एक इंटिरियरवाला पोरगा आधी येऊन गेला. कॉम्प्युटरवर त्याने चित्र दाखवलं. एका भिंतीवर हा एवढा टीव्ही, त्यामागे संगमरवरासारखी दिसणारी फळी, छताला छुपे दिवे. शालनबाईंनी सगळं शांतपणे बघितलं आणि मला म्हणाल्या, "ह्याला इचारा, मानसं कुटं बसनार?" तो म्हणाला, तीन सीटर. त्यावर त्यांनी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि वाटेला लावलं.

मग त्यांनी खडू आणला. अंगणवाडीत पोरांच्या जागा आखतात तशा त्यांनी फरशीवर चौकोन काढले. भिंतीला लागून एक रांग, तिच्याशी काटकोनात दुसरी रांग, आणि त्यांच्यासमोर खिडकीखाली तिसरी. "तोंडं एकमेकांकडं पायजेत," त्या म्हणाल्या. "टीव्हीकडं तोंड करून बसल्यावर बोलनार काय?" मग त्यांनी मला आणि माझ्या यजमानांना त्या चौकोनांत मांडी घालून बसवलं. माझे यजमान सत्यनारायणराव रिटायर्ड ऑडिटर, जन्मात कुणाचं ऐकलं नाही, पण त्या बाईने "सरका की जरा" म्हटल्यावर निमूट सरकले. आमच्या मांड्या कुठवर येतात ते बघून त्यांनी चौकोन पुसले आणि थोडे मोठे काढले. बैठक मांडी घालून बसता येईल एवढी खोल हवी, पाय सोडून बसणाऱ्याला पाठीशी लोड हवा, आणि एकही कोपरा टोकदार नको. अंगणवाडीत एकदा एका पोरीचं कपाळ बाकाच्या कोपऱ्याने फुटलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. सुताराने केलेला प्रत्येक कोपरा त्या तळहाताने घासून बघायच्या आणि बोचलं तर पुन्हा घासायला लावायच्या. त्याने एकदा वैतागून विचारलं, घरात लहान मूल आहे का? मी ते भाषांतर केलंच नाही. "काही नाही, जेवायला जाऊ का म्हणतोय," असं सांगितलं.

भिंतीचा रंग योगीने फोनवर सांगून ठेवला होता, कोवळ्या खाऊच्या पानाचा. शालनबाई खरंच बाजारातून कोवळी विड्याची पानं घेऊन रंगाच्या दुकानात गेल्या. दुकानातल्या माणसाने तऱ्हेतऱ्हेच्या हिरव्या पट्ट्या पुढे टाकल्या. त्या प्रत्येक पट्टीशेजारी पान धरून बघत राहिल्या. पान सुकत चाललं तसं त्यांनी पिशवीतून दुसरं काढलं. मी एरवी अशा ठिकाणी पाच मिनिटांत चिडते. त्या दिवशी चिडले नाही.

बिल्डिंगमधल्या लोकांचं तोंड मात्र सुटलं होतं. चौथ्या मजल्यावरची प्रणिता, पुण्याची, नवराबायको दोघंही कुठल्याशा टेक पार्कमध्ये, तिने मला लिफ्टमध्ये गाठलं. "अक्का, अजून वर्षसुद्धा झालं नाही ना त्यांच्याकडे? आणि इंटिरियर चाललंय? थोडं ऑड नाही वाटत?"

"वाटत असेल तर कान झाकून घे," मी म्हणाले. "ड्रिलचा आवाजही येणार नाही."

मल्लाप्पा ह्या सगळ्यात नव्हतेच. सुतार आला की ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाल्कनीत जायचे आणि संध्याकाळी सुतार गेला की भुसा पडलेल्या हॉलमधून भिंतीच्या कडेकडेने आत जायचे. जेवायला स्वयंपाकघरात चटईवर. बैठकी तयार झाल्या, त्यांवर गाद्या आल्या, राखाडी रंगाच्या खोळी चढल्या, तरी त्यांचं बोटसुद्धा त्यांना लागलं नाही. शालनबाईंनी त्यांना त्यावरून एका शब्दाने डिवचलं नाही. दोघांत भांडण नव्हतंच. एवढी माणसं घरात राबत होती आणि ती दोघं एकमेकांना चुकवून वावरत होती.

काम संपलं त्या दिवशी सुतार पैसे घेऊन, नमस्कार करून गेला. मी बघायला म्हणून गेले तर शालनबाई हॉलच्या मधोमध फरशीवर बसलेल्या. हॉल खरंच सुंदर झाला होता. खिडकीतून ऊन येत होतं, भिंत त्या पानाच्या रंगाची, तिन्ही बाजूंना ऐसपैस बैठक. मी कौतुक करायला तोंड उघडलं, आणि त्यांचा चेहरा बघून मिटलं.

"काम चालू हुतं तवर बरं हुतं, अक्का," त्या म्हणाल्या. "रोज मनातल्या मनात त्याला इचारायची, योगी, ह्ये असं करू का, त्ये तसं ठेवू का. आता काय इचारू?"

मी त्यांच्याशेजारी बसले. ह्या वयात मला फरशीवर बसलं की उठता येत नाही, तरी बसले.

मग पोरांना बोलावणं सुरू झालं, आणि पोरं येईनात. हर्ष हा इचलकरंजीचा. पीजीतला योगीचा सगळ्यांत जवळचा मित्र. तो फोनवर गोड बोलायचा, "बघतो काकू, ह्या रविवारी जमणार नाही, पुढच्या बघतो." त्यांच्या ऑफिसातली प्रियदर्शनी फोनच उचलायची नाही, नंतर हात जोडल्याचं चित्र पाठवायची. बाकी दोघं उत्तर भारतातले. ते हर्षच्या भरवशावर. असे तीन रविवार गेले. दर रविवारी शालनबाई बैठकीवरच्या खोळी ओढून सारख्या करायच्या आणि दुपार टळली की घासलेली भांडी परत फळीवर लावायच्या. माझ्याने बघवेना. मी त्यांचा फोन मागून घेतला आणि हर्षला लावला.

"हां काकू..."

"काकू नाही. मी समोरची अक्का. तू जर्मनीला कधी जातोस?"

"पुढच्या महिन्यात."

"मग येत का नाहीस? त्या बाईने तुमच्यासाठी घर उभं केलंय."

तो म्हणाला, "अक्का, त्यांच्यासमोर जाऊन बसायचं कसं? आम्ही पाचजण होतो. ताप त्याच्यासारखाच आम्हा तिघांनाही आला होता. आम्ही बरे झालो. आम्हाला बघून त्यांना काय वाटेल?"

कुणाचं असं ऐकलं की मी जास्तच रागावते. "काय वाटायचं ते त्यांचं त्यांना वाटू दे," मी म्हणाले. "तू त्याची काळजी करू नको. तिथं येऊन काही बोलायचं नाही. जेवायचं. आणि हे बघ, तुम्हाला त्यांनी बोलावलेलं नाही. योगीने बोलावलंय. त्याला तोंडावर नाही म्हणाला असतास का?"

"नाही," तो म्हणाला.

"सरी, ठरलं तर. मग रविवारी या."

रविवारी आले. चौघंही आले. पांढरे, फिके कपडे घालून, माना खाली घालून, लिफ्टमधून एकामागोमाग एक. हर्षच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी मोठं होतं. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. आत येऊन त्याने कागद सोडला. योगीराजचा मोठा केलेला फोटो, सोनेरी चौकट, आणि वर चंदनाचा हार. पोरांना दुसरं काय सुचणार? त्यांच्या मते मेलेल्या मित्राच्या घरी न्यायची वस्तू हीच.

ह्या घरात योगीचा फोटो अजून भिंतीवर लागला नव्हता. मल्लाप्पा वर्ष व्हायची वाट बघत होते, आणि शालनबाई त्याबद्दल बोलतच नव्हत्या. त्यांनी दोन्ही हातांनी फोटो घेतला. हळूच हार काढला. पदराने काच पुसली आणि खूप वेळ बघितलं.

"चांगला आलाय," त्या म्हणाल्या. "आत ऱ्हाऊ दे. आज त्याच्याकडं पाव्हनं आल्यात."

आणि फोटो आतल्या खोलीत नेऊन ठेवला. बाहेर येईपर्यंत त्यांनी डोळे पुसले असावेत, पण पोरांसमोर त्या रडल्या नाहीत.

पोरं बैठकीच्या अगदी कडेवर बसलेली. एवढ्या खोल गादीवर चार बोटं जागा धरून, पाठ ताठ, हात मांडीवर. पाणी दिलं तर पेला तसाच हातात. मल्लाप्पांनी त्यांना नमस्कार केला, "बसा" म्हणाले आणि बाल्कनीत आपल्या खुर्चीवर गेले. मी कन्नडमध्ये प्रियदर्शनीला लग्नाबद्दल विचारलं, तर तिला रडू फुटायच्या बेतात आलं. मी स्वतःवरच वैतागून स्वयंपाकघरात गेले. सगळं फसलं, असंच मला वाटलं. बाईने हॉल बांधला, आणि त्यात दुखवटा येऊन बसला.

शालनबाई मात्र पानं वाढायला लागल्या. भाकरी, झुणका, अंबाडीची भाजी, दही. गोड काही नाही. तेवढं नवऱ्याचं त्यांनी राखलं होतं. आणि प्रत्येक ताटात डावीकडे शेंगाची चटणी, त्यांच्या गावाकडची, लालभडक. प्रियदर्शनीने ती बोटाला लावून चाखली आणि ती थांबली.

"आंटी, ही तीच ना?" ती कन्नडमध्ये म्हणाली. "वॉशिंग मशीनवाली?"

बाकी तिघांनी तिच्याकडे बघितलं. हर्षने हातातला घास परत ताटात ठेवला.

"कसली मशीन?" शालनबाईंनी विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सांगावं की नको! शेवटी हर्षनेच सांगितलं. योगी गावाहून चटणीचा डबा आणायचा आणि हे चौघं तो दोन दिवसांत फस्त करायचे. म्हणून त्याने एकदा डबा पीजीच्या वॉशिंग मशीनमध्ये लपवला, आणि कुणालाच न सांगता अंघोळीला गेला. हर्षने आत न बघताच सगळ्यांचे शर्ट टाकून मशीन चालू केलं. सोमवारी अख्खी टीम गुलाबी शर्ट घालून ऑफिसला. मॅनेजरने विचारलं, आज काय आहे? योगी म्हणाला, आमच्या गावची यात्रा.

प्रियदर्शनी हसली. मग उरलेले दोघं हसले, मोठ्याने, आणि हसता हसता एकदम गप्प झाले. आपण कुठे बसलोय ते आठवलं असावं. पण शालनबाई तोंडावर पदर धरून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात हसू. "आनी माजा डबा?" त्या म्हणाल्या. "मला म्हनाला, डबा बसमधी इसरला!"

मग काय, पोरांना वाचा फुटली. एक दुसऱ्याचं बोलणं तोडून सांगायला लागला, आणि हिंदीतलं मी मराठीत करत गेले. कुणी ऐसपैस मागे सरकलं, कुणी मांडी घातली. योगी घोरायचा, योगीने कन्नड शिकवताना शिव्याच आधी शिकवल्या, योगी रडणाऱ्या मित्राला काही न बोलता जेवायला घेऊन जायचा. शालनबाई भाकऱ्या आणत राहिल्या आणि कान तिकडे ठेवून राहिल्या. मला आठवतं, हा हॉल पहिल्यांदाच भरल्यासारखा वाटला.

बाल्कनीच्या दारात मल्लाप्पा केव्हा येऊन उभे राहिले, कुणाच्या लक्षात आलं नाही. हर्षने बघितलं आणि सगळे पुन्हा चिडीचूप.

"माज्यासंगं त्यो येवडं कदी बोललाच न्हाई," मल्लाप्पा म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. मग त्यांनी घसा साफ केला. "आनी काय करायचा त्यो?"

पोरं सांगायला लागली. मल्लाप्पा ऐकता ऐकता एक पाऊल पुढे आले, मग आणखी एक, आणि खिडकीखालच्या बैठकीच्या टोकाला टेकले. आपण टेकलोय हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही, कुणास ठाऊक. शालनबाईंनी ते बघितलं आणि त्या पटकन आत गेल्या. मी मागे गेले तर तव्यासमोर उभ्या होत्या, आणि तव्यावर काहीच नव्हतं.

संध्याकाळ व्हायला लागली तशी पोरं उठली. हात धुतले, चपला घातल्या. आणि एकदम पुन्हा तीच, माना खाली घातलेली पोरं झाली. दुःखाच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत. घरचेही "या" म्हणत नाहीत. असल्या कारणाने पुन्हा येणं होऊ नये, म्हणून. हर्षच्या आईने त्याला फोनवर बजावलं असणार, आणि त्याने बाकीच्यांना. पोरांनी चांगलंच पाळलं. एकेकाने शालनबाईंना वाकून नमस्कार केला, आणि शब्द न बोलता, पाठ फिरवून, लिफ्टकडे निघाली.

शालनबाई दारात उभ्या. पोरांनी रीत धरली होती, आणि रीत मोडायला सांगायचं कुणाला तोंड नव्हतं. एवढं सगळं केलं, दिवसभर पोरं पाहुण्यांसारखी बसली, हसली, जेवली, आणि जाताना दुखवट्याच्याच घरातून निघाली. त्यांचा चेहरा इतका उतरला की मी दुसरीकडे बघितलं.

"हर्षा."

मल्लाप्पांचा आवाज. ते शालनबाईंच्या मागून पुढे आले, उंबरा ओलांडून बाहेर.

हर्ष वळला. "काय काका?"

"पाव्हनं असं न बोलता जात्यात व्हय? येतो म्हन."

हर्षने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा शालनबाईंकडे. "काका, आई म्हणाली होती, की..."

"तुजी आई बरोबर सांगत्या," मल्लाप्पा म्हणाले. "मला बी ठावं हाय. तरी म्हन."

लिफ्ट आली, दार उघडलं, कुणी आत गेलं नाही. हर्ष दोन पावलं परत आला.

"येतो काका," तो म्हणाला. "येतो, काकू."

"बर्तीनी आंटी," प्रियदर्शनी तेच कन्नडमध्ये म्हणाली. बाकी दोघांना यातलं काही कळलं नसावं, पण तेही हर्षचं ऐकून तसंच म्हणाले, वेड्यावाकड्या उच्चारात, "येतो."

"या," मल्लाप्पा म्हणाले. "कवा बी या. योगीचा हॉल हाय."

लिफ्टचं दार मिटलं. शालनबाई तिथेच उंबऱ्याशी खाली बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. इतके महिने शेजारी राहून मी त्यांना असं रडताना पहिल्यांदाच ऐकलं. मल्लाप्पा त्यांच्याजवळ बसले.